चिन्नीच्या सोबतीसाठी आणलेला पाहुण्या

मी, भीमाशंकर गुरुपादप्पा बोळकोटे, वय वर्षे बासष्ट, सेवानिवृत्त कंपौंडर, राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे, कुणाचा दाब नाही, नशापाणी केलेले नाही. अशा कागदात ‘देहाचा भरवसा नाही’ असे लिहिण्याची रीत आहे. माझ्या देहाचे मला ठाऊक आहे. डाव्या हाताच्या तर्जनीला परवापासून मुंग्या येत आहेत. काल त्या कोपरापर्यंत चढल्या आणि आज सकाळी चहाचा दुसरा घोट उतरताना गळा आवळला. एकतीस वर्षे दवाखान्यात काढलेल्या माणसाला पुढचे कुणी सांगावे लागत नाही. उजवा हात अजून चांगला चालतो, तोवर लिहून घेतो.

कलम पहिले. हे कशाने झाले ते आधी लिहितो, म्हणजे मागे कुणी कुणावर आळ घेणार नाही.

माझी पत्नी कस्तुराबाई दोन वर्षांमागे वारली. तिची कुत्री चिन्नी. जाण्याच्या आदल्या दिवशी कस्तुराबाई मला म्हणाली, “चिन्नी ओंटी आगताळ्री.” म्हणजे, चिन्नी एकटी पडेल हो. मी एकटा पडेन असे ती म्हणाली नाही, याचा मला तेव्हा राग आला होता. पण खरोखरच चिन्नीने अन्न टाकले. पुढे जगण्यापुरते खाऊ लागली, पण कस्तुराबाईच्या खाटेखालची जागा सोडीना. तिला सोबत आणावी असे मनात घोळत होते.

यंदा चैत्रात मी माझी मुलगी जगदेवी हिच्या सासरी गेलो. त्यांचे गाव उजनीच्या पाण्यात जाणार म्हणून उठत होते. लोकांनी तुळया, दारे, चौकटीसुद्धा काढून ट्रकात भरल्या. एका घराच्या नुसत्या जोत्यावर एक तांबडा कुत्रा बसून होता. धनी आदल्या आठवड्यातच गेले होते. मी भाकरी टाकली तर खाल्ली नाही. उचलून ट्रकात ठेवला तेव्हा मात्र माझ्या मांडीवर डोके ठेवून सोलापूरपर्यंत आला. त्याचे नाव आम्ही पाहुण्या ठेवले.

माझा मुलगा बसवराज म्हणाला, “आप्पा, एकाचं करताना नाकी नऊ येतात, दुसरं कशाला? आणि कुठलं, काय चावलेलं, काही माहीत आहे का?” तो बरोबर बोलला होता. हे मी येथे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी चिन्नी खाटेखालून बाहेर आली. आठवड्यात दोघे एका थाळीत खाऊ लागले. ते तीन महिने माझ्या घरात पुन्हा कुणीतरी राहत असल्यासारखे गेले.

कलम दुसरे. आषाढात पाहुण्याचा खालचा जबडा लोंबू लागला. लाळ गळायची, आवाज घोगरा झाला, पाणी पुढे ठेवले तर नुसता बघत राहायचा. मी चिन्नीला मागच्या अंगणात वेगळी बांधली, एवढे शहाणपण सुचले. पण मला वाटले, घशात हाड अडकले. शेजारच्या केराबाईंनी त्याचा जबडा धरला आणि मी दोन बोटे आत घातली. हाड नव्हते. बोट बाहेर काढताना सुळ्याने एवढीशी कातडी खरवडली. केराबाईंच्या हाताच्या भेगांना लाळ लागली. पिसाळलेला कुत्रा नेहमीच चावत धावतो असे नाही, मुकाही बसतो, हे मी किती जणांना समजावून सांगितले होते. त्या दिवशी माझ्याच ध्यानात आले नाही. चौथ्या दिवशी पाहुण्या गेला.

केराबाईंना मी दुसऱ्याच सकाळी दवाखान्यात नेले. चौदा दिवस, पोटात चौदा सुया. रोज बरोबर गेलो. त्या म्हणायच्या, “भाऊ, तुमी कवा घेता?” मी म्हणायचो, “तुमच्या आधी येऊन घेऊन गेलो.” केराबाई, ते खोटे होते. मी एकही सुई घेतली नाही. हे कलम तुम्हाला वाचून दाखवल्यावरच साक्षीला तुमचा अंगठा घ्यावा असे मी दुसरे साक्षीदार डॉक्टर यांना सांगितले आहे.

कलम तिसरे. का घेतली नाही. अकरा वर्षांमागे गोणपाट शिवणारे नागप्पा सिद्रामप्पा यांना कुत्रा चावला. त्यांना सुया मी दिल्या. औषध बरोबर, मात्रा बरोबर. दहाव्या सुईनंतर त्यांचे पाय बधिर झाले, बाराव्या दिवशी कमरेखाली काही उरले नाही. हजारो माणसांत एखाद्याला या औषधानेच असे होते, दोष कुणाचा नसतो, असे मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितले. पंधरा दिवसांनी तोच कुत्रा बाजारात धडधाकट फिरताना मी पाहिला, म्हणजे तो पिसाळलेला नव्हताच. त्यानंतरही शेकडो लोकांना सुया दिल्या, पण प्रत्येकाच्या पायांकडे बघत दिल्या. माझी पाळी आली तेव्हा मला नागप्पांचे पायच दिसले. वाटले, बोट जरासे तर खरवडले आहे.

काल मी नागप्पांकडे गेलो. अकरा वर्षांत त्यांची गल्ली टाळून जात होतो. सगळे सांगितले. त्यांनी हातातला दाभण खाली ठेवला.

“माज्या पायापायी तुमी सुई घेतली न्हाय?”

“नाही.”

“कंपौंडर, माजं पाय गेलं, पर मी हाय की. जेवतोय, पाणी पितोय, लेकीचं लगीन केलं. तवाच मला इचारायला यायचं व्हतं. मीच धरून नेलं असतं तुमाला.”

एवढ्या वर्षांत त्यांच्या पायांचा विचार केला, त्यांचा केला नाही.

कलम चौथे. घर. माझ्या स्वकष्टाचे तीन खोल्यांचे घर बसवराजला. मात्र रस्त्याकडची खोली नागप्पांनी हयातभर विनाभाडे वापरावी. तिला पायरी नाही. खुर्चीची उंची त्यांना सोसणार नाही, तेव्हा फरशीवर जाड सतरंजी घालून द्यावी. माझा चुलतभाऊ ईश्वरप्पा त्या खोलीवर डोळा ठेवून आहे. कस्तुराबाईच्या आजारात तो एकदाही उंबऱ्यात आला नाही, तेव्हा खोलीतही येऊ नये.

कलम पाचवे. पोस्टातली शिल्लक दोन्ही मुलांना सारखी. कस्तुराबाईचे दागिने आणि माझा औषधाचा दगडी खल जगदेवीला. तिला लहानपणी खलाचा आवाज ऐकत झोपायची सवय होती. काचेची सिरिंज आणि सुयांचा डबा कुणीही घेऊ नये. तास दोन तास उकळून, फोडून, खोल पुरावा.

कलम सहावे. चिन्नी. ती आज ठीक आहे, खाते, पिते. पण पाहुण्याच्या थाळीत जेवलेली आहे. संक्रांत होईपर्यंत तिला वेगळी बांधावी, थाळी लांबून काठीने सरकवावी, नातवंडांनी जवळ जाऊ नये. आवाज बदलला, जबडा लोंबला, की त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांना बोलवावे. आज कोणती लक्षणे नसताना बसवराजने तिला म्युनिसिपालिटीच्या कुत्री धरायच्या गाडीत देऊ नये. संक्रांतीनंतर ती नागप्पांची. ही त्यांचीच मागणी आहे. मी विचारले, “तुम्हाला कुत्र्याची भीती वाटत नाही?” म्हणाले, “वाटती की. बांधून ठिवीन.”

कलम सातवे. हे बसवराजने दोनदा वाचावे. आज मी सरकारी दवाखान्यात वेगळ्या खोलीत जात आहे. उद्या परवा मी मी राहणार नाही. आरडाओरडा करीन, शिव्या देईन, कदाचित तुला हाक मारून दार उघड म्हणेन. ते उघडू नये. जगदेवीला निरोप द्यावा, पण मला पाहायला आणू नये. माझी लाळ ज्याला लागेल त्याने त्याच दिवशी सुया सुरू कराव्यात, आणि पुऱ्या कराव्यात. माझे ऐकून भिऊ नये. मी भ्यायलो म्हणून हा कागद लिहावा लागला.

गेल्यावर मला आपल्या लिंगायत रीतीने बसवून मूठमाती द्यावी. अंघोळ कुणी हाताने घालू नये, लांबून पाणी ओतावे. इष्टलिंग तळहातावर ठेवावे, पण ठेवणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. विधीला येणाऱ्या जंगमांना आधी खरे काय ते सांगावे. ते आले नाहीत तर रुसू नये.

कलम आठवे. पाहुण्याला दोष देऊ नये. त्याला मी आणले. आमच्याकडे येण्याआधी त्याला काय चावले ते त्याला सांगता आले नसते.

हा कागद लिहून होत असताना बसवराज रिक्षा घेऊन दारात आला आहे. त्याने सातवे कलम अजून वाचलेले नाही. माझा डावा हात लुळा पडलेला पाहून तो धरायला पुढे आला आणि मी हात मागे ओढला. त्याचा चेहरा पडला. बाळा, त्याचे वाईट वाटून घेऊ नकोस. धरावासा वाटत होता.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि साक्षीदारांसमक्ष सही केली.

(सही) भीमाशंकर गुरुपादप्पा बोळकोटे

साक्षीदार
१. डॉ. कमलाकर विष्णू अष्टपुत्रे. लिहून देणार यांना मी तपासले. या घटकेला ते पूर्ण शुद्धीवर आहेत.
२. केराबाई तुकाराम घोडके, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. मजकूर वाचून दाखवला. बाईंनी सांगितल्यावरून येथे नोंद केली की, “चवदा दिस माज्यासंगं आले, येक दिस मी त्यांच्यासंगं जाते. रिक्षात मी बसनार.”

ठिकाण : सोलापूर
मंगळवार, दिनांक २४ ऑक्टोबर १९७८