नावाड्याचं बालपण आधी की नंतर

८ फेब्रुवारी, शनिवार
ताईंना येऊन आठवडा झाला. ताई म्हणजे यांची मोठी बहीण. ‘चार दिवस राहते,’ म्हणाल्या होत्या. नवऱ्याशी भांडून आल्यात एवढं कळलं. पुढचं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
संध्याकाळी ताईंशी काय बोलायचं हा प्रश्नच असतो. आमच्या दातांच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी बसून कवळ्या घासते ती चष्मेवाली – तिनं एक जपानी ॲनिमे मालिका सुचवली होती. भयाण आहे म्हणे. एक नावाडी गावातली मुलं पळवतो. दोन सीझन, आणि मागाहून काढलेला एक सिनेमा. त्यात नावाड्याचं बालपण. म्हणजे बनलाय शेवटी, पण घडतं सगळ्यात आधी. ‘आधी काय बघायचं यावरून लोक एकमेकांच्या उरावर बसतात!’ – इति चष्मेवाली.
बसू देत.

११ फेब्रुवारी, मंगळवार
मी म्हटलं, सिनेमापासून सुरू करू, गोष्ट सरळ लागेल. ताई म्हणाल्या, ‘नको.’ कारण नाही, काही नाही. मी वाद घातला नाही. पहिला सीझन लावला.
हे पेपरमागून – ‘या वयात कार्टून!’ तेवढ्यात नावाड्यानं एका मुलीचं डोकं पाण्यात दाबलं. पेपर खाली आला तो आलाच.

१२ फेब्रुवारी, बुधवार
आणखी दोन भाग. जेवणं गार झाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
चष्मेवालीनं कपाळावर हात मारला. म्हणाली, घोळ केलात! सिनेमा आधी बघितला की नावाड्याची दया येते, मग त्यानं काहीही केलं तरी त्याचा राग करवत नाही. गंमत त्यातच आहे.
घरी येऊन ताईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी टीव्ही थांबवला.
‘लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी मला आधी आमच्या यांचं बालपणच सांगितलं,’ म्हणाल्या. ‘बाप गेला, काकानं उपाशी ठेवलं, बडवलं. मी रडले गं ऐकून. मग पुढं काहीही झालं की तो पोरगाच डोळ्यांपुढं. रागवायचं तरी कुणावर?’
मग रिमोट उचलून – ‘या खेपेला आधी काय केलं ते बघू. का केलं ते मागाहून. वाटलं तर.’
मी ‘बरं’ म्हटलं. पुढचा भाग लावला.

१५ फेब्रुवारी, शनिवार
हे स्वयंपाकघरात आले, हळूच म्हणाले, ‘भावोजी उद्या न्यायला येतायत. तू ताईला जरा समजाव. माणूस वाईट नाही गं, लहानपणी फार सोसलंय त्यांनी.’
मी भांडी विसळत होते. म्हटलं, ‘तुमची बहीण. तुम्ही समजवा.’

१६ फेब्रुवारी, रविवार
भावोजी आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. सोफ्याच्या कडेला टेकले आणि सुरुवातच अशी – ‘मी लहान असताना...’ काका, उपास, पट्ट्याचे वळ. नाटक नव्हतं, मला तरी वाटलं नाही. हे मान डोलावत होते.
ताईंनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘माझा हात मोडलात तेव्हा तुम्ही लहान नव्हतात.’
यांची मान डोलायची थांबली.
हात मोडला तो गेल्या वर्षी. आम्हाला सांगितलं होतं, ‘मोरीत पाय घसरून पडले.’ भेटायला गेलो तेव्हा भावोजींनीच चहा करून दिला होता!
हे बहिणीकडे बघत राहिले. भावोजी उठले, चपला घातल्या, परत आत आले – आणि फळांची पिशवी उचलून घेऊन गेले! ताईंना हसू फुटलं. मग रडू.

१७ फेब्रुवारी, सोमवार
दुसरा सीझन सुरू केला. हे खुर्ची ओढून आमच्याजवळ बसले. दर दोन मिनिटांनी – ‘हा कोण?’ ताई न कंटाळता सांगत होत्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
हे रजा टाकून टेम्पोनं भावोजींच्या घरी जाऊन आले. ताईंचं शिलाई मशीन, कपडे, दोन ट्रंका, सगळं आणलं. खालचा ओठ फाटलेला. ‘जिन्यात पडलो,’ म्हणाले.
ताईंनी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.
‘या घरात कुणी पडत नाही,’ म्हणाल्या. ‘काय झालं ते सांग.’