ओला हात खिडकीत

आप्पा, तुम्ही गेल्यानंतर मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण तुम्हाला ते बघायला मिळालं नाही. दिल्लीत द्वारकेच्या फ्लॅटमधलं देवघर, सागवानी, एकही खिळा न मारता. बाल्कनीत कपडे वाळत घालायचा खाली-वर होणारा दांडा. आईला अंघोळीला बसायला चौरंग, ओल्या फरशीवर तसूभरही न सरकणारा. आणि गेल्या वर्षी एक पेटी: अडीच फूट लांब, पावणेदोन फूट रुंद, बारा मिलिमीटरचं प्लाय, आतून पत्रा, मागे वाळ्याची जाळी, तिच्यावर पाणी सोडणारा मुठीएवढा पंप, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा, फटींना स्पंज, आणि दारावर डिजिटल थर्मामीटर. पेटी कुत्रीसाठी होती. हसू नका.

तुमची नात नोकरीसाठी बेंगळुरूला गेली आणि तिची पग आमच्याकडे राहिली. साडेसात किलोची, चपट्या नाकाची, बसल्या जागी घोरणारी. अशा कुत्र्यांना उन्हाळा सोसत नाही, आणि आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. बायको म्हणाली, बेडरूमचा एसी दिवसभर चालू ठेवू या. मी म्हणालो, आपण दोघं कामावर असताना लाइट गेली की बंद खोलीची भट्टी होईल. माझी पेटी बॅटरीवर चालेल. ते खरंही होतं. पण मला पेटी करायचीच होती, हेही तितकंच खरं. डिप्लोमा अर्धवट सोडला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, तुझ्याकडे कागद नाही, तुला कोण विचारणार? आज गुडगावातल्या एका अकरा मजली इमारतीचा मेंटेनन्स मी बघतो, आणि कुठे शिकलात असं कोणी विचारलं की एकच शब्द सांगतो: खुद.

मे महिन्यात पेटीने कमाल केली. बाहेर पंचेचाळीस, पेटीत एकोणतीस. लू वाहत असायची आणि ही आत उताणी पडून घोरायची. सोसायटीतली माणसं बघायला यायची. मी रोज तीन वेळा आकडे वहीत लिहायचो.

मग जुलै आला. रविवारची दुपार होती, पाऊस नाही, नुसतं दाटून आलेलं; दिल्लीतला तो चिपचिपा उकाडा तुम्हाला माहीत आहे. कुत्री पेटीत धापा टाकत होती. बायको म्हणाली, एसी लावते, तिला आत आणा. मी थर्मामीटरकडे बोट दाखवलं: तेहेतीस. मे महिन्यात ह्याहून कितीतरी वाईट दिवस हिने काढलेत. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून मी दार आणखी घट्ट लावलं आणि पंपाचा वेग वाढवला. शेजारीच खुर्चीवर पेपर वाचत बसलो होतो, आप्पा, हाताच्या अंतरावर. अर्ध्या तासाने बायकोने मला न विचारता दार उघडलं. कुत्री आडवी पडली होती, जीभ जांभळट, तोंडाला चिकट फेस. आणि मी काय करावं? मी परत आकडा बघितला.

"अहो, यंत्र काय बघताय, तिच्याकडे बघा."

डॉक्टर फोनवर म्हणाले, बर्फ नको, साधं पाणी घाला, वारा घाला आणि निघा. नळाला गच्चीवरच्या टाकीचं कढत पाणी. पहाटे भरून ठेवलेली एक बादली होती, ती कामी आली. मी तिच्या पोटावर, पंजांवर पाणी ओतत होतो, बायको पेपरने वारा घालत होती, आणि माझ्या ओल्या हातांना वारा लागत होता, पण हात गार पडत नव्हते. तिथे मला तुम्ही आठवलात.

लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर. मी नऊ वर्षांचा. तुम्ही ऑफिसमधून येण्याआधी घर गार करावं म्हणून मी कूलरमध्ये चार बादल्या पाणी ओतलंय, खिडक्या लावून घेतल्यात. असाच जुलै. तुम्ही दारात उभे आहात, सदरा पाठीला चिकटलाय. कौतुक नाही. तुम्ही पंप बंद करता, खिडक्या उघडता आणि म्हणता, "हवा आधीच पोटभर पाणी प्यायलीय. तिला आणखी काय पाजतोस?" मग माझा हात माठात बुडवून खिडकीत धरता. गार लागला तर पाणी चालू कर. नाही लागला तर नुसता वारा. मी रुसून बसलो होतो. वाटलं, ह्यांना साधं बरं म्हणता येत नाही.

कुत्र्याची जीभ म्हणजेच तो ओला हात, हे मला त्या बादलीपाशी कळलं. ओली हवा कोंडून मी तिचा तेवढा एक उपाय काढून घेतला होता, आणि थर्मामीटर मात्र तेहेतीसच दाखवत होता. गाडीचा एसी पूर्ण वेगाने लावून दवाखान्यात नेलं, दोन दिवस सलाइन चाललं. वाचली. पेटीत आता दार उघडं असेल तरच जाते. थर्मामीटर मी काढून टाकलाय. रोज सकाळी बाल्कनीत ओला हात धरतो. गार नाही लागला की पंप बंद, आणि बेडरूमचा एसी चालू.

गेल्या आठवड्यात मार्केटमधला कुत्र्या-मांजरांच्या सामानाचा दुकानदार पेटी बघायला आला; दुकानात विकायला त्याला अशाच पेट्या करून हव्या होत्या. किससे सीखा, त्याने विचारलं. सवयीने मी म्हणालो, खुद. शब्द तोंडातून गेला होता. मग मी त्याला ओल्या हाताचं सांगायला लागलो, निदान तेवढं तरी. तो हसला. "भाई साहब, हाथ-वाथ छोड़िए, ऊपर मीटर लगा दीजिए, ग्राहक मीटर देखता है."

मी नाही म्हणालो. बायकोला सांगितलं, भाव पटला नाही. हा कागद त्या आकड्यांच्या वहीत ठेवतोय, तिच्या हाती लागणार नाही. वीस पेट्या मागत होता, आप्पा. एकेकीचे आठ हजार. एक लाख साठ हजार.