कोपऱ्यातलं बोट

निर्मळ

प्रिय हंसा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून फाडणार असशील, तर आधी वाच, मग फाड.

कपाट आवरताना तुझ्या दादाचा तो छोटा कॅमेरा सापडला. झेरॉक्सची मशीनं बनवणाऱ्या कंपनीचा. हे तीच मशीनं दुरुस्त करायचे, म्हणून साहेबांनी बक्षीस दिला होता. "हरेश्वर, यातून एकाच्या किती कॉप्या निघतात रे?" म्हणून सगळी आळी चिडवायची. शेजारचा भूपेश सांगत होता, आता तरुण पोरं असले कॅमेरे शोधत फिरतात. फिरू देत.

सोबतची इंग्रजी पुस्तिका मी एकेक शब्द लावत पूर्ण वाचली होती. पण यांनी मला कधी बटण दाबू दिलं नाही. "तुला नाही जमायचं." गावाच्या लग्ना-बारशांचे फोटो यांनी काढले, आणि स्वतः कशातच नाहीत. तुला मात्र जत्रेत कॅमेरा हातात दिला. तुझा एक डोळा मिटेना, दोन्ही मिटत होतीस, आणि हे पोट धरून हसले. तो यांचा एकच फोटो. कोपऱ्यात तुझं बोट आलंय. भिंगावर बोट येऊ देऊ नका, बघताना ते दिसत नाही, असं पुस्तिकेत होतं. मी वाचलं होतं. तू नव्हतं वाचलंस.

वाडीचा तुकडा यांनी तुला न विचारता बिल्डरला दिला. तुझा राग खरा होता, आजही मी तो खोटा म्हणत नाही. तेव्हा दारात उभी राहून यांना म्हणालीस, "तुझ्या मयताला पन येनार नाय." शब्द पाळलास. तुझं सासर जूचंद्र काही परदेशात नाही. शेवटी शेवटी बाहेर स्कूटर थांबली की हे दाराकडे मान वळवायचे. उशाशी मी होते. माझ्याकडे नाही वळवायचे.

तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावला. स्टुडिओवाला प्लासिड म्हणाला, "वहिनी, बोट पुसून देतो, मिनिटाचं काम." मी नको म्हटलं. उरल्या वाडीतल्या सोनचाफ्याचा हार वर्षभर तुझ्या बोटालाही घालतेय, हंसा.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध. पावसाळ्यात फोटोवर बुरशी चढली, नवा करायला टाकायचाय. प्लासिड पुन्हा तेच विचारेल. तू आलीस तर बोट राहील. नाही आलीस तर पुसायला सांगेन. मग यांच्या हसण्याचं कारणही या घरात उरणार नाही.

अजून तरी तुझीच,
मीरावहिनी