हेमालीच्या आगगाडीचं तेलपाणी

मी, दौलत चांगदेव तरे, वय एकाहत्तर, राहणार मानकोली, तालुका भिवंडी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डॉक्टरांनी माझी आशा सोडली आहे, पण डोकं शाबूत आहे.

घर आणि कशेळीचा यंत्रमागाचा गाळा हेमालीच्या, माझ्या पत्नीच्या, हयातीत तिचाच. तिच्यानंतर मुलगा मनोज याचा. मात्र पुढच्या खोलीतली छोटी आगगाडी कोणी हलवायची नाही. ती हेमालीनेच मला हौसेने आणून दिली होती. आता ती सगळं विसरली आहे, पण इंजिन फिरू लागलं की जेवते. बंद पडलं की तोंड मिटून बसते. माझ्यामागे त्याचं तेलपाणी कोण करणार, एवढाच माझ्या जिवाला घोर आहे.

ते काम सून दिपालीने करावं. मनोजने नाही म्हणजे नाही! मी इस्पितळात असताना या शहाण्याने लूमला घालतात तसं बुधलीने तेल ओतलं. चाकं जागच्या जागी फिरत राहिली, मोटार बसली. घरी आलो तर हेमाली सुकून काडी झालेली. मी मोटार बदलली तेव्हा कुठे जेवली. "बाबा, खेळनंच तर हाय," म्हणाला. अरे गाढवा, तुझ्या आईचा घास आहे तो.

दिपाली, आधी रूळ कोरड्या फडक्याने पूस. चाकात अडकलेले कापसाचे तंतू चिमट्याने काढ. आपल्याकडे ते हवेतच असतात. मग सुईच्या टोकावर राहील एवढंच पातळ तेल आसाच्या दोन्ही टोकांना. दातेरी चाकांना किंचित ग्रीस. मोटारीत थेंबही जाऊ देऊ नकोस. हात हलका ठेव, बाई.

हेमाली मला ओळखत नाही. इंजिनाचा मिस्त्री समजते. तेल घालून झालं की म्हणते, "मिस्तरी, जा आता घरी. बायको वाट बघत आसंल." मी ओटीवर जाऊन रडून घेतो आणि परत येतो.

मी गेल्यावर तिच्या बांगड्या फोडू नयेत, कुंकू पुसू नये. माझ्या बहिणीने, आक्काने, रीत काढलीच तर आक्काला हे वाचून दाखवावं. कोणासाठी रडायचं ते हेमालीला कळणार नाही, उगाच भेदरेल बिचारी.

मिस्त्री का येत नाही असं तिने विचारलं, तर दिपाली, एवढंच सांग: "घरी गेला, बायकोपाशी. आता तिला सोडून कुठं जानार न्हाय."

ठिकाण: मानकोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५
सही: दौलत चांगदेव तरे

आमच्यासमोर वाचून सही केली. साक्षीदार:
१. भूपेश रघू भोईर
२. उन्नती मितेश केणे