येताना बावीस, जाताना दहा

बुकितिंगी, २२ डिसेंबर २००३

चि. शमसिदार, तुला व घरच्यांना अ. आ. वि. वि.

सगळ्यांत आधी आली ती शेजारची मारलिस. आपली फित्री ॲमस्टरडॅमहून नवरा-लेकीला घेऊन यायची होती, मंडळी अजून घाटातच, आणि ही नातजावई बघायला खुर्ची धरून बसलेली. जावई योस्त उंच, येताच दाराला डोकं आपटलंच. मारलिस म्हणते, दार मोठं करून घे. म्हटलं, तू आधी तोंड लहान कर.

फित्रीची नोरा चार वर्षांची. माझ्याच कुशीत झोपते आणि लाथा मारते. सुख आहे.

पण एक सांगते. त्यांचं तिकीट टेबलावर होतं. मी तिसरी शिकलेली, तरी आकडे वाचते. बोटांवर मोजलं. ॲमस्टरडॅमहून जकार्ताला यायला बावीस तास, परत जायला दहाच. येतानाची वाट चढणीची असणार. एवढं लेकरू बावीस तास बांधून ठेवायचं? मी फित्रीला सांगून टाकलं, माझ्यासाठी पुन्हा येऊ नका, फोन आहे की. तेव्हापासून ती गप्प आहे, नीट जेवत नाही. दमली असेल.

तुझे गुडघे कसे आहेत? लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी रोसमानियार

मेदान, २७ डिसेंबर

ती. रोसमानियार उनी, थोरल्या बहिणीस धाकटीचा सलाम. वि. वि.

गुडघे आहेत तिथेच आहेत. पत्र वाचून आधी हसले, मग कपाळावर हात मारला. अगं, विमानाला कसली चढण? तिकिटावर ज्या गावची वेळ, त्या गावच्या घड्याळाची. तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काढली मी. जकार्तात दुपारचे बारा, तेव्हा तिकडे सकाळचे सहा. जाताना अकरा हजार किलोमीटर, येताना तेवढेच. बावीसातून सहा काढ, दहात सहा घाल: थांबा धरून सोळा तास, दोन्हीकडून.

आणि फित्री दमलेली नाही. गोऱ्या नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा आली, तर आजी म्हणते पुन्हा येऊ नका. तिने काय समजायचं? पत्र मिळताच उठ आणि बोल. ती गेल्यावर मला रडगाणं लिहू नकोस.

लोभ असू दे, थोडी अक्कलही.

तुझी शमसिदार

बुकितिंगी, ६ जानेवारी २००४

चि. शमसिदार, अ. आ. वि. वि.

टोमणा पावला. पत्र हातात धरूनच स्वयंपाकघरात गेले. फित्री मिरच्या वाटत होती. बावीस, दहा, चढण, सगळं सांगितलं. तिने वरवंटा खाली ठेवला. म्हणाली, "आजी, मला वाटलं तुला योस्त नको आहे."

म्हटलं, "तो हवाय, नोरा हवीय, तू तर हवीच. मला फक्त मोजता येत नाही."

रडली, हसली, मिरचीचा हात डोळ्याला लावून पुन्हा रडली.

काल गेली मंडळी. वाटेत खायला रेंदांग दिलं. तुझे भावजी बोटीने जकार्ताला जायचे तेव्हा मटण तीन दिवस टिकावं म्हणून मी ते काळं, कोरडं होईतो आटवायची. सोळा तासांना कशाला एवढं? थोडा रस्सा ठेवला. जवळच आहेत गं ती.

तूही तेव्हा इकडे ये. माया आहे तशीच ठेव.

तुझी रोसमानियार

ता. क. तेव्हा म्हणजे कधी, ते राहिलंच. पुन्हा यायच्या दिवसावर फित्रीने कॅलेंडरवर स्वतः खूण केली आहे: ईदच्या आठ दिवस आधी, सहा नोव्हेंबर, शनिवार.