कागदावरच्या फेऱ्या

१४ तारीख, गुरुवार

प्रिय दादास,

धाकटीचा नमस्कार. वहिनी आणि पिल्लू मजेत असतील. तुझं पत्र येऊन आठवडा झाला, उत्तराला आज बसतेय. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग मला पळवाट सापडते.

आई बरी आहे. म्हणजे जेवते, पेपर वाचते, शेजारच्या खाटेवरच्या आजींना सुनेबद्दल नको ते सल्ले देते. खुब्याचा नवा सांधा छान बसलाय. पायांमध्ये उशी ठेवून झोपायचा मात्र तिला राग येतो. "मी काय पळून जाणार आहे का?" म्हणते.

तू लिहिलंस, 'तू त्याच वॉर्डात नर्स आहेस, म्हणून मी निर्धास्त आहे.' ते वाचून पत्र बाजूला ठेवलं होतं.

वॉर्डात मला फौजदारीण म्हणतात. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी पेशंटला वॉकर धरून उभं करते, मग तो रडू दे नाहीतर शिव्या देऊ दे. कुणाला नातवंडांची आठवण करून देते, कुणाला नुसते डोळे दाखवते. आईला खाटेच्या कडेला बसवलं, तर तिने माझा हात गच्च धरला. "आज नको गं बाळा. उद्या नक्की." तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. इथे सोनार मीच होते, पण कान आईचा निघाला आणि मी सुई खाली ठेवली. मी 'बरं' म्हटलं आणि तिच्या नोंदीच्या कागदावर लिहिलं: दोन फेऱ्या चालवलं.

व्यायाम घेणारे सर रजेवर होते, त्यामुळे चालवणं आम्हा नर्सकडेच होतं. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. कागदावर सहा फेऱ्या झाल्या, दादा, आणि आईचं पाऊल जमिनीला लागलं नव्हतं.

मग पोटरी सुजली. तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "चालणं जरा जास्त होतंय. दोन दिवस आराम द्या." ती सूज कशाची असू शकते हे मला कळत होतं. तरी मी कागद परत खाटेला अडकवला. त्यांनी आईला विचारलं, "आजी, रोज चालता ना?" प्रगतिपुस्तकावर खोटी सही केली म्हणून जिने आपल्याला दोन दिवस अबोला धरून रडवलं होतं, ती आपली आई म्हणाली, "चालते की. ही सोडते होय मला!"

दुसऱ्या दिवशी सूज मांडीपर्यंत चढली. मोठ्या डॉक्टरांनी तपासणी करायला लावली, तर आत रक्ताची गुठळी निघाली, न चालवल्याने होते तीच. ती सरकून फुप्फुसात गेली असती तर काय, हे मी लिहू शकत नाही. इंजेक्शनं चालू आहेत. धोका कमी झालाय, पूर्ण टळलेला नाही.

काल मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. चौकशी होईल. माझी दुसऱ्या वॉर्डात बदली झालीय, आईकडे आता फक्त भेटायच्या वेळेत जाता येतं. आई उलट माझ्यावरच उखडली. "मी निभावून नेलं होतं ना? कशाला बोललीस?"

आज डॉक्टरांनी तिला उभं करायला परवानगी दिली. माझ्याच हाताखाली शिकलेली नर्स आत गेली. मी दाराबाहेर होते. आईची हाक आली, "बाळा, ये गं! हिला सांग, नको म्हणून!" परत आली. परत आली. मी गेले नाही. मग वॉकर टेकल्याचा आवाज आला, त्यामागे पाय घासत आला. चार वेळा. भेटायला गेले तेव्हा आईने तोंड फिरवलं.

'मी येऊ का' असं ऑपरेशनआधी तू विचारलं होतंस आणि मी नको म्हटलं होतं. आता ये. उद्या तिला आठ पावलं चालवायचंय. ती हाका मारेल, आणि एकटी असले तर मी आत जाईन रे.

रागावून ये, पण ये.

तुझी
धाकटी