उंबऱ्याखालचा कुत्रा

प्रिय तारीबा,

टोपलीत जवाची भाकरी आहे, कांदा आहे आणि तुला आवडतात ते मऊ खजूर. पोटभर खा. उद्या सकाळी तुला नदीत उडी घ्यायची आहे. तक्रार करणारी मीच असले, तरी तुला उपाशीपोटी पाण्यात पाठवणं माझ्याच्यानं व्हायचं नाही. हसू नकोस. तू हसलीस की मला जास्तच राग येतो.

पाटीशाळेत आपण दोघीच मुली होतो. तुझी अक्षरं मोजूनमापून उमटायची, माझी म्हणजे ओल्या मातीत बदकं नाचल्यासारखी. गुरुजी म्हणायचे, "बेलेसुनु, तुझी पाटी वाचून सूर्यदेवालाही अंधारी येईल!" माझ्या वाटणीच्या छड्या तू खायचीस. पुढं मला दोन मुलं झाली, तुझी कूस काही उजवली नाही. माझा इप्कू माझ्याहून तुझ्याच कडेवर जास्त असायचा, आणि खरं सांगते, ते मला खुपायचं.

तो तापानं गेला, तेव्हा सासूबाईंनी उंबरा खणून मातीचा कुत्रा काढला. "बघ, तुझ्या त्या वांझोटीनं पुरलाय! गिळला गं माझा नातू!" माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तशीच न्यायाधीशांपुढं गेले आणि देवाची शपथ घेऊन तुला चेटकीण म्हणाले. तू ओरडत होतीस, "अगं, कुत्र्याच्या पोटावरचं वाच तरी!" पण चेटकिणीनं लिहिलेलं वाचलं की तिची बाधा वाचणाऱ्याला होते. न्यायाधीशांनी तो कुत्रा समोरसुद्धा आणू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी मी तो वाचला. 'दुखण्या, या लेकरापासून दूर हो.' तुझीच ती मोजूनमापून अक्षरं. राखणीला पुरला होतास तू तो. सासूबाईंना वाचता येत नाही, मला येतं. मी तो फोडला आणि कालव्यात टाकला.

आता शपथ मागं घेतली, तर खोट्या शपथेपायी माझी मान जाईल. उद्या तू जिवंत वर आलीस, तरी तेच. शिवाय कायद्यानं माझं घर तुझं होईल. नदी निवाडा करते म्हणतात सगळे; बुडाली ती चेटकीण, तरली ती निर्दोष. तुला मासळीसारखं पोहता येतं, हे मात्र या गावात मला एकटीलाच ठाऊक आहे.

म्हणून लिहिते आहे. उद्या हातपाय मारू नकोस. मी मेले तर माझ्या लेकीला, दुश्शूला, तू पोटाशी धरशील, माझ्याहून चांगली वाढवशील, मला शंका नाही. वर्षभरात ती तुला आई म्हणायला लागेल. मरण मी कसंही सोसेन, तारीबा, पण हे मला सोसायचं नाही. हवं तर ही मातीची पाटी न्यायाधीशांना दाखव. तू दाखवणार नाहीस. तू मला कधी नाही म्हटलेलं नाहीस. पाटी भाजलेली नाही. कमरेला घट्ट बांध, पाण्यात विरघळून जाईल.

तुझीच,
बेलेसुनु